कपाटामागच्या कोयऱ्या

अर्धवट काम दिसलं की उत्तराबाईंच्या डोक्यात तिडीक जायची. आणि नवरा मिळाला तो जयवंत! त्याने केर काढला की कोपरे राहायचे, भांडी घासली की बुडं काळीच. घाटकोपरच्या त्यांच्या घराला गणपतीआधी तो स्वतः रंग काढायचा आणि दर वेळी लोखंडी कपाट जागचं न हलवता त्याच्या आजूबाजूने ब्रश फिरवून मोकळा व्हायचा. उत्तराबाई साताऱ्याच्या, आवाज खणखणीत. "मागचं कोण रंगवणार?" असं त्यांनी दरडावलं की मालवणचा जयवंत हसून एकच वाक्य टाकायचा, "कपाटामागे कोण बघूक येता गो?" सगळ्या संसारात त्यांनी त्या मालवणीला दाद दिली नाही की तिच्यातला एक शब्द कधी तोंडातून काढला नाही.

जयवंत जाऊन दोन वर्षं झाली होती. आता मुलाने, सिद्धेशने, आणि सुनेने, श्रुतिकाने, हॉलची एक भिंत नक्षीची करायचं मनावर घेतलं होतं. हल्ली म्हणे एकच भिंत नटवतात, बाकीच्या तीन आपल्या साध्या. मोबाईलवर बघून सगळं ठरलं होतं. चिकटपट्ट्या लावून त्रिकोण पाडायचे, त्यात तीन रंग भरायचे. भिंत सबंध दिसायला हवी म्हणून कपाट भंगारात. उत्तराबाईंनी त्यालाही मान डोलावली होती. त्याचं दार तसंही धड लागत नव्हतं.

रविवारी सकाळी दोघांनी मिळून कपाट बाजूला ओढलं. मागून जळमटं निघाली, एक कंगवा निघाला, आणि भिंतीवर कपाटाएवढ्या जागेत जुना पिस्ता रंग, त्यावर ओळीने मरून रंगाच्या कोयऱ्या.

"आईशप्पथ, हे काय!" श्रुतिका ओरडली.

उत्तराबाई खुर्चीतून उठून जवळ गेल्या. सिद्धेश चौथीत असताना त्याचा हात मोडला होता. प्लास्टर निघालं आणि एक्स-रेची फिल्म घरात पडून राहिली. जयवंतने तीच ब्लेडने कापून कोयरीचा साचा केला आणि फडक्याच्या बोळ्याने सबंध भिंतीवर ठसे उमटवले. साचा धरायला उत्तराबाई, रंगाची वाटी धरायला सिद्धेश. बोळा जास्त दाबला की रंग ओघळायचा, त्या कावायच्या, आणि बापलेक एकमेकांकडे बघून खुदखुदायचे. पुढच्या वर्षी कपाट आलं. नंतरच्या प्रत्येक रंगात बाकीच्या कोयऱ्या बुजत गेल्या, कपाटामागच्या तेवढ्या राहिल्या. ज्या आळसापायी त्यांनी नवऱ्याला जन्मभर बोल लावला, त्यानेच त्या राखल्या होत्या. माणूस फार फार आठवला.

"मी विसरूनच गेलो होतो," सिद्धेश म्हणाला. त्याने दोन फोटो काढले, मोबाईल खिशात टाकला आणि रोलर उचलला. "चला, पहिला हात मारून घेऊ."

"राहू दे ना रे तेवढं," उत्तराबाई हळूच म्हणाल्या.

"अगं, ठिगळ दिसेल ते! आणि अर्धवट काम करायचं नाही, हे मला कोणी शिकवलं? तूच ना?"

शिकवलं होतं खरं. चांगलं कान धरून शिकवलं होतं. पोरगा अगदी आईवर गेला होता, आता तक्रार कोणाकडे करणार? सिद्धेशने रोलर रंगात बुडवला, निथळू दिला आणि तो भिंतीकडे वळला.

"कपाट भंगारात जाणार नाही," उत्तराबाई एकदम म्हणाल्या. "होतं तिथेच लाव परत."

"बरं बाई, लावतो. पण मागची भिंत तर रंगवू दे!"

उत्तराबाईंनी तोंड उघडलं, आणि जे बाहेर पडलं त्याने त्या स्वतःच दचकल्या.

"कपाटामागे कोण बघूक येता रे?"

सिद्धेशचा हात तसाच वर राहिला. रंगाचे दोन थेंब लादीवर पडले, तरी त्याचं लक्ष गेलं नाही. तो आईच्या तोंडाकडे बघत होता. श्रुतिकाने त्याच्या हातातून रोलर काढून घेतला. मग त्याने बाहीने नाक पुसलं आणि कपाटाला खांदा लावला.

"सावकाश," उत्तराबाई मागून म्हणाल्या. "पार भिंतीला टेकवू नकोस. चार बोटं पुढेच असू दे. घासतील त्या."