स्ट्रोकच्या ओळीवर

कारखान्याच्या आवारात लोखंडी खांबाला बांधून फिटरला मारत होते, आणि मारणाऱ्यांत सगळ्यात पुढे तिचा धाकटा भाऊ होता. बंद खिडकीतूनही प्रत्येक फटका ऐकू येत होता. आधी रॉडचा आवाज, मग फिटरचा. आता नुसता रॉडचाच येऊ लागला होता.

सकाळी पत्रा दाबणारा मोठा प्रेस दादाच्या उजव्या हातावर आला होता. दादा तिचा थोरला भाऊ, त्याच प्रेसवर काम करणारा. वाकडा बसलेला पत्रा सरळ करायला त्याने हात आत घातला, रोज घालायचा तसाच, कारण हात आत गेला की सेन्सर प्रेसला अडवायचा. आज प्रेस अडला नाही. मनगटापुढे जे उरलं ते हात म्हणून ओळखता येत नव्हतं. दादा ओरडलासुद्धा नाही, त्याच्याकडे नुसता बघत राहिला. दवाखान्याची गाडी त्याला घेऊन गेली आणि मागे राहिलेल्यांना बडवायला कोणीतरी हवा होता.

तो तिच्या नवऱ्याने दिला. प्रेसचा प्रोग्राम नवऱ्याने लिहिलेला. ती कारखान्यातल्या त्याच्याच खोलीत शेजारच्या टेबलावर दुसऱ्या मशीनचे प्रोग्राम लिहायची. त्याने पायरीवर उभं राहून सगळ्यांना ऐकवलं, की हाताची तपासणी प्रोग्रामच्या पहिल्याच पानावर लिहिलेली आहे, कोणीही येऊन बघा. चूक असेल तर सेन्सरच्या वायरीत, आणि वायरी फिटरकडे. फिटर परोपरीने सांगत होता, की सकाळीच काठी घालून बघितली, प्रेस जागच्या जागी थांबला होता. त्याचं कोण ऐकतो! चोर सोडून संन्याशाला फाशी, ही जगाची जुनीच रीत.

धाकट्याला अडवायला ती धावली होती. त्या रानरेड्याला आवरणारा शब्द लहानपणापासून एकच होता, तिच्या तोंडचा ‘थांब’. कोणाच्या उरावर बसला असला तरी पुढचा ठोसा मारण्याआधी तो तिच्याकडे बघायचा, आणि ती थांब म्हणाली की हात खाली. पण नवऱ्याने तिला दंडाला धरून आत ओढलं, कडी लावली आणि दाराला पाठ टेकून उभा राहिला. बाहेर गेलीस तर तुलाही तुडवतील, म्हणाला. लग्न झाल्यापासून त्याने तिची एवढी काळजी कधी केली नव्हती, म्हणूनच तिला संशय आला. ती त्याच्या कॉम्प्युटरपुढे बसली.

प्रोग्रामात ती तपासणी ‘हात-तपास’ नावाच्या मॅक्रोने होत होती. मॅक्रो म्हणजे एक ठरवलेलं नाव. त्याचा अर्थ वर एकदा सांगून ठेवायचा, मग खाली जिथे ते नाव येईल तिथे प्रोग्राम तयार होताना तो अर्थ भरला जातो. गोम एवढीच, की मध्येच कोणी अर्थ बदलला तर तिथून खाली नवा अर्थ चालतो, आणि वरचंच पान वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. डीबगर हे प्रोग्रामला हव्या त्या ओळीवर अडवून आत डोकावायचं साधन. तिने त्याला हात-तपासबद्दल विचारलं, तर त्याने असं नावच माहीत नाही म्हणून कानांवर हात ठेवले. त्याचाही दोष नव्हता. प्रोग्राम तयार झाला की मॅक्रोची नावं उडून जातात. ती जपायची तर तसं बजावून प्रोग्राम पुन्हा तयार करावा लागतो. फाइल फुगते म्हणून नवरा ते कधीच करत नसे. तिने केलं.

बाहेर कोणीतरी पाणी आणा म्हणालं. शुद्धीवर आणून पुन्हा मारायला.

प्रेसला खाली आणणारी, स्ट्रोकची ओळ तिने शोधली, प्रोग्राम तिथे अडवला आणि या ओळीवर कोणकोणते मॅक्रो लागू आहेत ते विचारलं. लांबलचक जंत्री उतरली. हात-तपास तीत होता. नाव होतं, पुढे काही नव्हतं. हा कोरा अर्थ कुठून आला तेही डीबगरने सांगितलं: नवऱ्याच्या चाचणीच्या फाइलमधून, आणि ती फाइल प्रोग्रामच्या बरोबर मध्यावर जोडलेली. काल नवा साचा बसवताना सेन्सर सारखा अडवत होता म्हणून त्याने तेवढ्यापुरती तपासणी कोरी केली होती, आणि ते जोडकाम काढायचं विसरला होता. सकाळची काठीची चाचणी चालवणारा भाग प्रोग्रामात त्या जोडाच्या वर होता, रोजच्या कामाचा स्ट्रोक खाली. म्हणून काठीसाठी प्रेस थांबला आणि दादाच्या हातासाठी थांबला नाही.

नवरा तिच्या मागे येऊन उभा होता. “तपासणी आहे,” तो म्हणाला. “पहिलं पान बघ.”

“वर काय लिहिलंय ते मला सांगू नकोस. दादाचा हात होता त्या ओळीवर काय आहे, ते वाच.”

त्याने वाचलं. मग तिचे केस मुठीत धरले आणि तिचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. कपाळावरचं रक्त डोळ्यांत आलं तरी तिला दिसलं, की त्याचा दुसरा हात कीबोर्डकडे गेला आहे, ती जोडणारी ओळ पुसायला. टेबलावर त्याची पाण्याने भरलेली स्टीलची बाटली होती. तिने ती उचलून सगळा जोर लावून त्याच्या कानावर घातली. काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि तो गुडघ्यांवर बसला. तिने कडी काढली.

“थांब,” ती म्हणाली.

धाकट्याचा वर गेलेला रॉड हळूच खाली आला. फिटरचा एक डोळा मिटला होता, दात पडले होते, पण श्वास चालू होता. तिने सांगितलं, की वायर नीट होती, सेन्सरही नीट होता, प्रोग्रामातच तपासणी कोरी करून ठेवलेली आहे.

“कोणी?” धाकट्याने विचारलं.

तिला सांगावं लागलं नाही. नवरा कान दाबत दारात आला आणि हिनेच केलंय, हिनेच, असं ओरडू लागला. धाकट्याने बहिणीच्या फुटलेल्या कपाळाकडे बघितलं, मग नवऱ्याच्या हाताकडे. त्याच्या बोटांत तिचे केस अडकलेले होते.

त्याला पत्र्यांच्या थप्पीवर पालथा पाडला. दोघांनी पाठ दाबली, तिसऱ्याने उजवा हात मनगटाशी धरून ताणला. अगं, त्याला सांग ना, नवरा रडत म्हणत होता, तुझं ऐकतो तो. खरंच होतं ते. धाकट्याने रॉड उचलला आणि सवयीने तिच्याकडे बघितलं.

आपल्या हाताकडे बघणारा दादा तिच्या डोळ्यांपुढे होता. धाकटा वाट बघत राहिला.

ती काहीच बोलली नाही.