मोजून एक लिटर

मी एक जुना प्लॅस्टिकचा मग आहे. अंगावर मापाच्या रेघा आहेत, एक लिटरपर्यंत. माझं माप आजवर कधीही चुकलेलं नाही. एकदाच चुकलं, आणि नेमकी तेव्हाच सगळी गल्ली बघायला जमली होती.

मित्रांनो, बारा वर्षं मी स्वयंपाकघरात दूध मोजलं. आई म्हणायची, "नवऱ्यापेक्षा माझा या मगावर जास्त भरवसा आहे." पुढे माझ्या कानाला तडा गेला, काचेचा नवा मग आला आणि माझी रवानगी गाडीच्या शेडमध्ये झाली. तिथे दोन वर्षं मी खिळे सांभाळले.

त्या दिवशी बाबांनी खिळे ओतले आणि मला लखलखीत पुसलं. चार वाजता ताईची गाडी चालवायची परीक्षा होती. दोनदा नापास होऊन झालं होतं. त्यात आमची ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलताना उचकी लागल्यासारखे गचके द्यायची.

"गिअरचं तेल बदललं की लोण्यासारखी पळेल," बाबा म्हणाले. "जेवढं निघेल तेवढंच भरायचं. सोपं आहे!"

"मेकॅनिककाकांना बोलवा," आई म्हणाली.

"मला हात नाहीत का?"

"हात आहेत हो. मी डोक्याचं म्हणतेय."

बाबा गाडीखाली सरपटले. बोल्ट सुटला. काळं तेल आधी बाबांच्या बाहीत गेलं, उरलेलं टबात पडलं. नंतर बाबा ते माझ्यात भरून, मोजून डब्यात ओतू लागले. मी छाती काढून उभा! शेवटचा मग ओतला आणि आत्याचा फोन आला. आत्याचा फोन म्हणजे तासाची निश्चिंती. परत आले तेव्हा आकडा डोक्यातून पार उडाला होता.

"डब्यातलं पुन्हा मोजा," आई म्हणाली.

डबा रिकामा!

"वाया जात होतं," आजोबा छाती फुगवून म्हणाले. "गल्लीतल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना घातलं. एक दार आता कुरकुरेल तर शपथ!"

साडेतीन वाजले. ताई रडकुंडीला आली. गल्ली गोळा झाली. कोणी तीन मग म्हणे, कोणी पाच. शेवटी हात वर करून मतं घेतली आणि चार मग बहुमताने निवडून आले. तेवढं नवं तेल भरलं. गाडी जागची हलेना.

आईने मेकॅनिककाकांना ओढूनच आणलं. त्यांनी गाडी चालू ठेवून बॉनेटखालून एक लांब काडी उपसली.

"अहो, तेल किती आहे ते ही काडी सांगते. अजून एक लिटर घाला."

मित्रांनो, जन्मभर मोजत आलो आणि एका काडीने माझी इज्जत काढली! पण तो शेवटचा लिटर माझ्यातूनच गेला. गाडी लोण्यासारखी निघाली. गल्लीने टाळ्या वाजवल्या, बाबांनी त्या स्वतःसाठी घेतल्या.

म्हणून सांगतो, काम झालं की वस्तू जागच्या जागी ठेवत जा. मला शेडच्या दारातच सोडून सगळे चहाला गेले.

पाच वाजता ताई पास होऊन आली. गाडी तिने झोकात शेडमध्ये घातली, माझ्यावरून.