नेवेनाचा पांढरा लायलक

नेवेनाच्या अंगणातलं पांढऱ्या सुवासिक घोसांचं लायलकचं झाड मीच कलम करून दिलं होतं, साध्या जांभळ्या फुलांच्या लायलकच्या खुंटावर. तसं दुसरं झाड आमच्या गावात नव्हतं.

"कलमाच्या खालून फुटवे आले की लगेच काप, नाहीतर कलम उपाशी मरेल," असं मी तिला बजावलं होतं. दर वसंतात ती कात्री घेऊन बसायची आणि तिचा नवरा स्तामेन ओरडायचा, "अगं, जिवंत झाडाला कशाला छळतेस?"

ती वारली आणि त्याच महिन्यात मी वार्नाला मुलीकडे राहायला गेले. तीन वर्षांनी, परवा परतले. स्तामेनदादाने मला फाटकातूनच ओढत झाडापाशी नेलं.

"बघ, केवढं फोफावलंय! दोन वर्षं रुसलं होतं, फुललंच नाही. यंदा पहिला घोस तिच्या थडग्यावर ठेवणार."

मी वाकून बघितलं. मधलं कलम कधीच वाळून गेलं होतं. भोवतीचं सगळं रान खुंटाच्या फुटव्यांचं होतं. दोन्हींची पानं सारखीच, त्याला कळणार कसं?

"कळ्या जरा जांभळ्या दिसतात," तो म्हणाला. "उमलल्या की पांढऱ्या होतील ना?"

झाडांच्या बाबतीत मी कुणाची भीड ठेवत नाही, चुकलेल्याला तोंडावर झापते. पण जीभ रेटेना.

त्याने माझा हात धरला.

"काळजी मी चोख घेतलीय गं. तिच्या झाडाला तीन वर्षांत कुणाला कात्री लावू दिली नाही."