पंपवाल्यांची झोप

नाव तळ्याच्या मध्यावर आली आणि पंपवाल्यांनी बाईंच्या खांद्यावर मान टाकली. बाईंनी एका हाताने त्यांची टोपी धरली, दुसऱ्या हाताने शर्टाची कॉलर पकडली आणि त्या समोर पाहत राहिल्या. डोंगर पाण्यात उलटा उतरला होता. वल्हं पडलं की तो विस्कटायचा आणि पुन्हा सावकाश जुळून यायचा.

"काकांना बरं नाही का?" नावाड्याने विचारलं.

"बरं आहे. रात्रपाळीचा माणूस आहे."

"मग आता सुट्टीवर?"

"आता निवृत्त," बाई म्हणाल्या, आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं.

या नवरा-बायकोचा संसार दोन पाळ्यांत झाला होता. पंपवाले शहराच्या पाणीपुरवठ्यात पंप चालवायचे, कायम रात्री. दिवसपाळी कधी मिळालीच नसती असं नाही, पण रात्रीला दुसरं कुणी तयार नसायचं आणि पंपवाल्यांच्या तोंडून 'नाही' हा शब्द काही निघत नसे. बाई पहिलीच्या वर्गाला शिकवायच्या. सकाळी ते दारातून आत यायचे तेव्हा बाई चपला घालत असायच्या. दूध तापवलंय, मुलीचा दात हलतोय, गॅस संपत आलाय, असा सगळा प्रपंच उंबरठ्यावर उरकायचा. दिवसा घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, बाबा झोपलेत. त्यामुळे मुलगी कुजबुजतच बोलायला शिकली. शाळेच्या पहिल्या दिवशी तिने इतक्या हळू 'हजर' म्हटलं, की तिची गैरहजेरी लागली.

दोघं एकाच महिन्यात निवृत्त झाले, तेव्हा बाईंनी जाहीर केलं की आता वर्षभर फिरायचं. नातेवाइकांकडे जायचं, राहून गेलेली गावं बघायची. लोकांना वाटलं, बाईंना फिरायची हौस. हौस होतीच, पण त्याखाली एक साधी इच्छा होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. सूर्य वर असताना हा माणूस आपल्या शेजारी जागा असावा आणि दोघांनी मिळून काहीतरी एकच बघावं, एवढंच त्यांना हवं होतं. काय बघायचं ते काहीही चाललं असतं.

पण सवय अशी थोडीच जाते! पंपवाले संग्रहालयात बाकावर झोपले आणि रखवालदार त्यांना आत ठेवून कुलूप लावायला निघाला. बागेत झोपले. बसमध्ये तर बस सुटायच्या आधीच झोपले. वर्षभराच्या फोटोंत एकात त्यांचे डोळे उघडे असतील तर शपथ. धाकट्या दिराकडे चार दिवस राहिले, तेव्हा अंगणातल्या आरामखुर्चीकडे बघून दीर म्हणाला, "वहिनी, दादाला फिरायला आणलंय की वाळत घातलंय?"

सगळे हसले. बाईही हसल्या, पण जरा उशिरा.

पंपवाले प्रयत्न करत नव्हते असं कुणी म्हणू नये. काळी कॉफी झाली, तोंडावर गार पाणी मारून झालं, डॉक्टरही झाले. "शरीराला वेळ द्या," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्याला आत बोलावलं. मग बाईंनीच एक रीत पाडली. दिवसभर एकटीने बघायचं आणि संध्याकाळी चहा पिताना त्यांना सांगायचं. पहिलीच्या मुलांना सांगावं तसं, हात हलवून, पदरचं थोडं घालून. ते मन लावून ऐकायचे. "मग?" म्हणायचे. "मग पुढे?" आणि त्यांचे डोळे जसजसे उजळत जायचे, तसतशा बाई पेंगायला लागायच्या. अर्धं वाक्य तोंडात ठेवूनच त्या झोपून जात. रात्रभर हे काय करत असतील, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. बसत असतील खुर्चीत, दुसरं काय.

बंदराच्या गावी तर त्या चिडल्याच. "काही नाही इथे," त्या म्हणाल्या. "नुसता चिखल आणि माशांचा वास. झोपलात तेच बरं केलंत."

वर्ष सरत आलं तेव्हा दोघं मुलीकडे पोचले. तिला बाळ झालं होतं आणि त्या बाळाने दिवसाची रात्र करून ठेवली होती. सूर्य मावळला की त्याला हुशारी यायची. मुलगी आणि जावई असे दिसत होते, की कुणी त्यांना धुऊन पिळून ठेवलं असावं. पहिल्याच रात्री पंपवाल्यांनी नात उचलली, छातीशी धरली आणि बंद ओठांनी एक जाडसर, एकसुरी आवाज काढत ते खोल्यांतून हिंडत राहिले. सकाळी मुलगी दचकून उठली. उजाडलं होतं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच सलग झोपली होती.

"बाबा, काय म्हणत होता तिला?"

"म्हणत नव्हतो. हा तीन नंबरचा पंप," ते म्हणाले. "एक आणि दोन करून पाहिले. हिला तीनच आवडतो."

त्या दिवसापासून घराला झोप परत मिळाली. पंपवाल्यांच्या चेहऱ्यावर तर पगाराच्या दिवशीचं तेज आलं. बाई हे सगळं बघत होत्या. त्यांना आनंद झाला होता, आणि आनंदाच्या आत काहीतरी टोचतही होतं. पुन्हा रात्रपाळी लागली म्हणायची.

निघायचा दिवस जवळ आला तशी मुलगी काहीतरी बोलायला यायची आणि न बोलता जायची. बाईंनी ओळखलं. आई, तू राहा ना, असं ती म्हणणार. त्यांनी उत्तरही तयार ठेवलं होतं. राहीन म्हणायचं. नाहीतरी बरोबर राहून काय दिवे लावले? ते तिकडे घरी एकटे जागतील, आपण इकडे झोपू. इतकी वर्षं जमलं, तसं आताही जमेल.

दुपारी दोघी बाळाचे कपडे घडी करत होत्या. शेजारच्या खोलीत पंपवाले झोपले होते.

"आई," मुलगी कुजबुजली, "एक मागू?"

"माग की."

"बाबांना ठेवून जाशील?"

बाईंच्या हातातलं झबलं हातातच राहिलं.

"तुला इथे करमणार नाही, माहितीये मला. तू ये अधूनमधून. पण बाबा असले ना रात्री, की..."

"नाही."

हा वर्गावरचा आवाज होता, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. बाळ दचकलं. बाई स्वतःही दचकल्या, पण थांबल्या नाहीत.

"नाही म्हणजे नाही! आयुष्यभर हा माणूस मी दुसऱ्यांना दिला. सगळ्या शहराला पाणी हवं होतं म्हणून दिला. कुणी मला विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही. आता ते मला हवेत. झोपलेले तर झोपलेले."

शेजारच्या खोलीत पलंग करकरला. पंपवाले दारात येऊन उभे राहिले, केस उभे, एक बाही वर.

"काय झालं? पाणी गेलं का?"

मुलीने बाळ उचललं आणि मान खाली घालून ती स्वयंपाकघरात गेली. पंपवाले पलंगावर जाऊन बसले. बाई त्यांच्या मागून गेल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या.

"मी जागायला बघतो गं," ते म्हणाले. "खरंच बघतो."

"माहितीये." बाईंनी नाक पुसलं. "अहो, तुम्ही रात्री करता काय? वर्षभर फिरलो. मी झोपले की तुम्ही काय करायचात?"

"हिंडायचो."

"कुठे?"

"जिथे असू तिथे." त्यांनी आठवून आठवून सांगायला सुरुवात केली. "ते डोंगरातलं गाव. तिथे पहाटे धुकं रस्त्याने चालत येतं. माणसासारखं, वळणावर वळून. घोट्यापर्यंत. मी चाललो त्यातून, पायच दिसत नव्हते. आणि बंदरावर ओहोटीला समुद्र इतका आत जातो, इतका आत, की लोक कंदील घेऊन त्याच्या मागे जातात, शिंपल्या वेचायला. लांबून नुसते दिवे हलताना दिसतात. एका म्हातारीने मला कंदील धरायला दिला. दोन तास धरला मी."

बाई ऐकत होत्या. त्यांच्या नकळत त्यांच्या तोंडून गेलं, "मग?"

"मग काय, उजाडलं."

"मला उठवलं का नाही तुम्ही?"

"दिवसभर फिरून दमायचीस. आणि..." ते थांबले. लेंग्याची गुडघ्यावरची सुरकुती तळव्याने सरळ करत राहिले. "तुला झोपलेलं मी कधी धड बघितलंच नव्हतं. मी घरी यायचो तेव्हा तू चपला घालत असायचीस. म्हणून आधी थोडा वेळ तुझ्याकडेच बघत बसायचो. मग बाहेर पडायचो."

बाई उठल्या. स्वयंपाकघराच्या दारात गेल्या. मुलगी पाठमोरी उभी होती.

"महिनाभर राहतो आम्ही," बाई म्हणाल्या. "दोघं. रात्री बाळ आमच्याकडे."

"आई, तू नवाला पेंगतेस."

"म्हणून आत्ताच झोपते."

बाहेर लख्ख ऊन होतं. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाईंनी खोलीत येऊन पडदा ओढला. पंपवाले भिंतीकडे सरकले आणि बाई त्यांच्या शेजारी आडव्या झाल्या. भर दुपारी अंथरुणावर पडताना त्यांना जराशी चोरी केल्यासारखी लाज वाटली.

"अंधार पडला की उठवा मला," त्या म्हणाल्या. "बघत बसू नका."

"थोडा वेळ बघेन," ते म्हणाले. "मग उठवेन."