रोहिणखेडचा कॉम्प्युटर आत घेईना

गुलनाजनं पासवर्ड टाकला, एंटर दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा तीच लॉगिनची पाटी समोर आली. तिनं परत टाकला. परत काळं, परत पाटी. पाचव्या खेपेला तिनं एकेक अक्षर बोट रोखून दाबलं, तरी तेच.

"काय म्हणून राह्यला तो?" बाजूच्या स्टुलावर बसलेल्या तानाबाईनं विचारलं.

"काई म्हणत नाई मावशी, तेच तर. आत घेते अन् लगेच बाहेर काढते."

सन दोन हजार सतराचा नोव्हेंबर संपत आला होता. वाचनालयामागच्या या खोलीत रोहिणखेडच्या कपाशीवाल्यांचा एक अभ्यासगट बसायचा. गटाकडे एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्याला वायरीनं जोडायचा एक छोटा मायक्रोस्कोप. नजरेला धड न दिसणारी गोष्ट पडद्यावर हाताएवढी दिसायची. हे सगळं सांभाळायचं काम गुलनाजकडे. ती पिंजाऱ्याची मुलगी. सरकी कशी असते, रुई कशी असते, हे तिला चालायला लागल्यापासून ठाऊक. बारावी सायन्स झाल्यावर शिक्षण सुटलं, पण एखादी वस्तू उघडून पाहायची खोड सुटली नाही.

त्या वर्षी बीटीच्या कपाशीवर शेंदरी बोंडअळी पडली होती. ऑक्टोबरातच फुलं मिटल्यासारखी, गुलाबाच्या कळीसारखी गुंडाळलेली दिसू लागली. लोक त्यांना डोमकळ्या म्हणत. मग बोंडं किडली. अर्धी उघडलीच नाहीत. गावात आता वाद एकाच गोष्टीचा होता: वेचणी संपल्यावर ही अळी जाते कुठे? किसनराव म्हणत, थंडीत मरून जाते, पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, नेहमीसारख्या वावरात उभ्या राहू द्या, उन्हाळ्यात चुलीला होतील. तानाबाईला ते पटत नव्हतं. साठीची ही बाई, तीन एकराची मालकीण. कापूस निवडताना तिला एकमेकींना चिकटलेल्या सरक्या सापडल्या होत्या. दोन-दोन, कुठे तीन. सरक्या अशा चिकटत नाहीत, एवढं तिला माहीत होतं. फोडून पाहावं तर डोळ्यात मोतीबिंदू. म्हणून रुमालात बांधून ती त्या गटाच्या खोलीवर घेऊन आली होती. शनिवारी गटाची बैठक होती आणि आज गुरुवार.

"पासवर्ड तं चुकून नाई राह्यला?" दारातून आवाज आला. शंकरराव चप्पल काढून आत येत होते. वीज मंडळात चौतीस वर्षं लाइनमन, आता निवृत्त, पाच एकर कपाशी. तानाबाईच्या वावराला त्यांचा धुरा, म्हणजे बांध, लागून होता.

गुलनाजनं मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकला. पाटीवर लगेच अक्षरं आली, पासवर्ड चुकला म्हणून.

"पाहा काका. चुकीचा दिला तं सांगते. बरोबर दिला तं गुपचूप बाहेर काढते. म्हणजे तो मले ओळखते."

"संघर्षले फोन लाव ना."

संघर्ष हा शंकररावांचा भाचा. त्यानंच या जुन्या मशिनवर लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून दिली होती. पण तो आता गडचिरोलीच्या आत कुठेतरी मोबाइलचे टॉवर उभारायच्या कामावर होता. गुलनाजनं सकाळपासून चारदा लावला होता. लागत नव्हता.

शंकरराव खुर्ची ओढून बसले. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नव्हतं, पण बिघाड म्हटला की त्यांचे डोळे बारीक व्हायचे. "हे पाय बेटा. दहा किलोमीटरच्या लाइनवर फॉल्ट असला तं आम्ही खांबाखांबावर चढत नव्हतो. मधातून लाइन तोडायची. इकडं चालू हाय का तिकडं, ते पाहायचं. जिकडं बंद, ते अर्ध धरायचं. मंग त्याचं अर्ध."

गुलनाज त्यांच्याकडे पाहतच राहिली. इतका वेळ ती एकाच दारावर थापा मारत होती.

तिनं मोबाइल उघडला आणि शोधू लागली. जगात हा प्रकार पुष्कळांना झालेला दिसत होता. एकानं लिहिलं होतं, कंट्रोल, अल्ट आणि एफ-वन एकत्र दाबा. तिनं दाबलं. पाटी, रंग, चित्र सगळं गेलं आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उरली. नाव विचारलं. पासवर्ड विचारला. तिनं दिला आणि या वेळी कुणी बाहेर काढलं नाही. खाली एक रेघ लुकलुकत उभी राहिली.

"घेतलं!" ती ओरडलीच. "काका, अक्षरांच्या दारानं घेतलं!"

"म्हणजे डिस्क चांगली, कीबोर्ड चांगला," शंकरराव बोटांवर मोजू लागले. "अर्धी लाइन चालू हाय. आता उरलं अर्ध."

उरलेल्या अर्ध्यात दोन गोष्टी होत्या. बिघाड गुलनाजच्या खात्यात होता किंवा सगळ्या मशिनमध्ये. ते पाहायला नवं खातं उघडायचं. नाव काय द्यावं म्हणून ती थांबली, मग तिनं इंग्रजी अक्षरांत 'तानाबाई' टाकलं आणि पुन्हा रंगीत पाटीवर आली.

"माह्या नावाचं?" तानाबाई स्टुलावरून पुढे सरकली.

"हो मावशी. आता तुम्ही आत जाऊन पाहा."

तानाबाईनं गुलनाजनं दाखवलेल्या कळा एकेक करून दाबल्या, शेवटी एंटर. पडदा काळा झाला. पाटी परत आली, आणि त्यावर आता दोन नावं होती.

"मलेबी काढलं?"

"तुम्हालेबी काढलं," गुलनाज हसत म्हणाली. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण उलट हुरूप आला होता. बिघाड तिच्या खात्यात नव्हता. म्हणजे तिनं साठवलेले फोटो, वावरांत लावलेल्या सापळ्यांत सापडणाऱ्या बोंडअळीच्या पतंगांच्या नोंदी, काही खराब झालं नव्हतं. बिघाड खालीच कुठे तरी होता, सगळ्यांसाठी सारखा.

मशिन स्वतःची रोजनिशी लिहितं, हे तिनं मोबाइलवर वाचलं. पडद्याची रोजनिशी वेगळी. ती उघडली तर शेकडो ओळी सरसर वर गेल्या. ज्या ओळीच्या सुरुवातीला दोनदा 'ई' लिहिलेलं असेल तेवढ्याच पाहा, असा सल्ला होता. तशा ओळी तीनच निघाल्या. इंग्रजी तिला अडखळत येई. तिनं ओठ हलवत वाचलं आणि मग सांगितलं:

"ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर सापडत नाई म्हणते."

"डायवर? गाडी हाय का ती?" तानाबाईनं विचारलं.

"चित्र दाखवणारं एक कार्ड असते आत, मावशी. त्याच्याशी कसं बोलायचं ते सांगणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. पाटीची साधी चित्रं त्याच्याबिगर निघतात. आतला पडदा भारी असते, त्याले तो लागतेच. नाई भेटला की आतलं सगळं कोसळते अन् आपण परत पाटीवर."

हे तिला आधी माहीत नव्हतं. बोलता बोलताच तिला ते समजत गेलं होतं.

"पण काल संध्याकाळी तं चालू होतं ना?" शंकररावांनी विचारलं.

"परवा. काल मी आलीच नव्हती."

"मंग परवापासून आतापर्यंत काय बदललं?"

तिनं मशिन बंद करून पुन्हा चालू केलं आणि मोबाइलवर वाचलं होतं तसं चालू होताना शिफ्टची कळ दाबून धरली. एक यादी आली. लिनक्सचा जो गाभा असतो, ज्याला कर्नल म्हणतात, तो या मशिनवर एक नवा होता आणि एक जुना. आपोआप नवा चालू व्हायचा. तिनं जुना निवडला. पाटी आली. पासवर्ड. पडदा काळा झाला, आणि मग हळूच निळी भिंत, फोल्डर, सगळं जिथल्या तिथं.

"झालं की!" तानाबाईनं रुमालाची गाठ सोडायला घेतली. "आता सरकी दाखव."

"हाव, चालू झालं, मंग सोड आता," शंकररावही म्हणाले.

गुलनाजनं मायक्रोस्कोपची वायर हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली. "थांबा ना मावशी, थोडंसं. उद्या हा परत नव्यावरच चालू होईन अन् परत बाहेर काढीन. जुन्यात ड्रायव्हर हाय, नव्यात नाई. काऊन नाई?"

तानाबाईनं गाठ तशीच ठेवली. "पाय बाई. तुले चैन नाई पडनार."

मशिनवर काय काय नवं आलं याची एक यादी असते. प्रत्येक नोंदीला सुरू झाल्याची वेळ आणि संपल्याची वेळ. गुलनाज खालून वर वाचत गेली. प्रत्येक सुरूखाली संपलं होतं. फक्त शेवटच्या नोंदीखाली नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी सहा वाजून बेचाळीस मिनिटांनी नवा कर्नल यायला सुरुवात झाली होती. संपल्याची ओळच नव्हती.

"काका," ती म्हणाली, "मंगळवारी पावणेसातले काय झालं होतं?"

शंकररावांनी खिशातून छोटी डायरी काढली. नोकरी सुटली होती, पण लाइट कधी गेली आणि कधी आली हे लिहायची सवय गेली नव्हती. घरचे त्यावरून त्यांना हसत. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "मंगळवार. सहा वाजून एकोणपन्नास, गेली. आठ दहा, आली."

गुलनाजनं टाळी वाजवली. सात मिनिटं. मंगळवारी निघताना तिनं 'नवं आलं आहे, घ्यायचं का' या खिडकीवर हो दाबलं होतं आणि काम होत राहील म्हणून दार ओढून घरी गेली होती. नवा कर्नल बसला होता, आणि त्याच्यासाठी ड्रायव्हर तयार होत असतानाच लाइट गेली.

"म्हणजे मशिन खराब नाईच," शंकरराव म्हणाले. "काम अर्ध राह्यलं."

"अन् तो बिचारा कोणाले सांगत बी नाई."

अर्धं राहिलेलं काम पुढे नेण्याची एक आज्ञा असते, एका ओळीची. तीही तिला मोबाइलवर सापडली. तिनं ती टाइप केली, प्रत्येक अक्षर मोबाइलशी जुळवून पाहिलं, आणि एंटरवर बोट नेऊन थांबली.

"काका, आता मधातच लाइट गेली तं?"

खोलीत बॅटरी नव्हती. शंकररावांनी सबस्टेशनला फोन लावला. तिकडे त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस होता. "अबे, शंकरराव बोलतो. रोहिणखेडची लाइन किती वाजेपर्यंत हाय? ... नक्की सांग बे, इथं ऑपरेशन चालू हाय." फोन ठेवून ते म्हणाले, "दीड वाजेपर्यंत हात लावत नाई म्हणते. आता बारा वीस. दाब."

तिनं दाबलं. ओळी येऊ लागल्या, थांबल्या, परत आल्या. एका जागी मशिन इतका वेळ गप्प राहिलं की शंकरराव उठून दाराबाहेर जाऊन तारांकडे पाहून आले. तानाबाई हात जोडल्यासारखे मांडीवर घेऊन बसली होती. अकरा मिनिटांनी रेघ पुन्हा लुकलुकू लागली. गुलनाजनं मशिन बंद करून चालू केलं. या वेळी यादीला हात लावला नाही. नवा कर्नल, पाटी, पासवर्ड.

निळी भिंत उघडली.

"आता माह्या नावानं पाय," तानाबाई म्हणाली. तिचं खातंही उघडलं. मग ती तिथून उठायला तयार नव्हती, म्हणून मायक्रोस्कोप तिच्याच खात्यात चालू केला.

गुलनाजनं चिकटलेल्या दोन सरक्या काचेवर ठेवल्या. पडद्यावर त्या दोन मोठ्या धोंड्यांसारख्या दिसल्या, कडेला पांढरे तंतू. मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखा धागा विणलेला होता. तिनं ब्लेडनं जोड हलकेच उचकटला. दोन्ही सरक्या आतून पोखरून एकच खोली केलेली होती, आणि तिच्यात शेंदरी रंगाची अळी अंग मुडपून पडली होती.

"मेलेली हाय?" शंकररावांनी आवाज खाली आणून विचारलं.

मायक्रोस्कोपच्या दिव्याची ऊब लागली असेल. अळीनं डोकं उचललं, इकडून तिकडे फिरवलं आणि पुन्हा अंगात घातलं. एवढी मोठी अळी तानाबाईला मोतीबिंदूतूनही दिसली. ती पडद्याच्या अगदी जवळ गेली.

"झोपली हाय ती," ती म्हणाली. "घर बांधून झोपली हाय. किसनरावले बोलवा."

किसनराव शनिवारी आले. चाळीसेक माणसं आली. गुलनाजनं एकामागून एक अकरा जोड उघडले, आठांत जिवंत अळी निघाली. किसनराव म्हणाले, "माह्या पऱ्हाट्यांवर तं हजार बोंडं वाळून लटकली असतीन." त्या हंगामातलं गेलेलं पीक काही परत येणार नव्हतं, पण डिसेंबरात गावातल्या पुष्कळ वावरांतून पऱ्हाट्या उपटून बारीक केल्या गेल्या. सुरुवात तानाबाईनं केली.

गुलनाजला मात्र एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटत होती. ज्या संकेतस्थळावर लोकांनी लिहून ठेवलं होतं म्हणून तिला वाट सापडली, तिथं तिनंही मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं: आमच्याकडे लाइट मधेच गेली होती, यादीत संपल्याची वेळ आहे का ते पाहा. आठ दिवसांनी उत्तर आलं. पोर्तुगालमधल्या एका माणसानं लिहिलं होतं, त्याच्या गावीही वादळात वीज गेली होती, तीन दिवस तो लॉगिनच्या पाटीपुढे बसून होता, आणि हे वाचून त्याचा कॉम्प्युटर चालू झाला.

तिनं ते तानाबाईला वाचून दाखवलं. तानाबाईनं विचार केला.

"त्याच्या गावात कपाशी व्हते काय?"

"माहीत नाई मावशी."

"विचार ना मंग. अन् होत असन तं सरक्या फोडून पाहा म्हणा."

गुलनाजनं खुर्ची पुढे ओढली आणि कपाशीला इंग्रजीत काय लिहावं, याचा विचार करत टाइप करायला लागली.