तुळशीपाशी मोडलेलं मौन

हे आगबोटीनं आफ्रिकेत गेले, तिथं नैरोबीला रेल्वेच्या कारखान्यात लागले, त्या दिवसापासून मी व्रत धरलं होतं. रोज सकाळी तुळशीला एकशे आठ प्रदक्षिणा घालायच्या आणि त्या पुऱ्या होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. समुद्रापलीकडच्या माणसासाठी माझ्या हातात दुसरं होतं तरी काय? त्यांनी तिकडून पाठवलेल्या पैशांत पिपरीचं आठ एकर वावर घेतलं. ते माझे चुलत दीर रूपराव वाहत.

यंदा, चोपन्न सालच्या कार्तिकात, जेमतेम चाळीस प्रदक्षिणा झाल्या असतील, रूपराव पटवाऱ्याला घेऊन अंगणात आले. माझी वेळ त्यांना पक्की ठाऊक होती.

"दादा काई आता परत येत नाई. वावर मीच करून राह्यलो, माह्या नावानं लिहा. वहिनीले विचारा पाह्यजे तं."

"बाई, कबूल आहे?" पटवाऱ्यानं विचारलं.

मी दोन्ही हातांनी नको नको केलं. रूपराव हसले.

"देवाले हात करून राह्यल्या. नाई म्हनाचं असतं तं बोलल्या नसत्या काय?"

पटवाऱ्यानं टाक दौतीत बुडवला.

"नाई!" मी ओरडले. "वावर त्याईचं हाय!"

पटवाऱ्यानं वही मिटली. जाताना रूपराव हळूच म्हणाले, "वावर वाचवलं वहिनी, पन व्रत मोडलं. आता दादाचं काय ते पाहा."

दुपारीच पत्र टाकलं: वावर आपलंच आहे, तुम्ही कसे आहात ते लगेच कळवा. उत्तराला महिना लागतो. तोवर कुंकू लावताना माझं बोट कपाळावर ठरत नाही.