बुधवारचा खेळ

शनिवारी संध्याकाळी भास्कररावांच्या ओसरीवर सिनेमावरून वाद रंगायचा. तो कानावर पडावा म्हणून निरुपमा रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन दाराच्या आत बसायची. दांडिया बाजारातल्या त्या घरात ती पाहुणी नव्हती आणि पुरती घरचीही नव्हती. वडील अमरेलीला वहिवाटदार, म्हणजे तालुक्याचे अंमलदार, होते. मुलीला शास्त्र शिकायचं म्हणून त्यांनी तिला धाकट्या भावाकडे, बडोद्याला, कॉलेजात ठेवलं होतं. ठेवताना एवढंच म्हणाले होते, की भास्करकडून एक जरी तक्रार आली तरी बोचकं बांधायचं.

भास्करराव शिक्षणखात्यात होते. आठवडाभर वरिष्ठांपुढे गप्प बसून जे साठे ते शनिवारी झोपाळ्यावर बसून मोकळं करत. समोर सतरंजीवर मुलगा वसंत आणि वसंताचा मित्र लक्ष्मीकांत. या लक्ष्मीकांताचं गणित निराळंच. मूकपट चालू असताना पडद्याखाली पेटी-तबला वाजे, त्यावरून तो चित्राची किंमत करायचा. तबलजी ढिला पडला, की नटीने कितीही आसवं गाळली तरी चित्र फुकट.

त्या शनिवारी विषय होता लहरीपुऱ्याच्या थिएटरातल्या नव्या चित्राचा. बाहेरख्याली वकील आणि त्याची सोशिक बायको अशी गोष्ट. तिघांनी ते वेगवेगळ्या दिवशी पाहिलं होतं. वसंताच्या मते शेवट अफाट होता. बायको मुलाचा हात धरून घराबाहेर पडते आणि लांबच लांब रस्त्याने चालत राहते, बस. काकांचं म्हणणं, तिने एकदा तरी मागे वळून बघायला हवं होतं. वळून बघितलं असतं तर बाई पुन्हा आत गेली असती, असं वसंत म्हणाला. लक्ष्मीकांताने दोघांनाही वेड्यात काढलं, कारण तिथे तबला थांबायला हवा होता आणि तो थांबलाच नाही.

निरुपमाला राहवेना.

"पण ती तर परत येते," ती आतून म्हणाली.

तिघांनी दाराकडे पाहिलं.

"शेवटी नवरा दार उघडतो. ती मुलाला कडेवर घेऊन आत येते आणि देवापाशी दिवा लावते. तिथे संपतं."

"ते मधलं गं," वसंत हसला. "त्यानंतर तर सगळं बिघडतं. अर्ध्यातून उठून आलीस काय?"

"नाही. दिवे लागेपर्यंत बसले होते."

"मग गेलीच नसशील. मंदाकिनीकडे बसून गोष्ट ऐकली असेल, तीही उलटी."

वसंताने ते गमतीत म्हटलं होतं. पण काकांनी पाय टेकवून झोपाळा थांबवला.

बुधवारी दुपारी थिएटरात फक्त बायकांसाठी खेळ असे. निरुपमा काकूंना विचारून, कॉलेजातल्या मंदाकिनीबरोबर गेली होती आणि तिन्हीसांजेला परत आली होती. काकांनी तिला बाहेर बोलावलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. प्रयोगशाळेत निरीक्षणं सांगावीत तसं तिने क्रमाने सांगितलं. बायको आधी जाते, मग परत येते. जाताना मूल चालत असतं, येताना कडेवर असतं. ते मूल मधेच लहान कसं झालं हे तिला थिएटरातही कळलं नव्हतं. तिने मंदाकिनीला विचारलं होतं, तर मंदाकिनी म्हणाली होती की हे दुसरं असेल, आता गप्प बस आणि बघ. हेही तिने प्रामाणिकपणे सांगून टाकलं. खोटं बोलणाऱ्याने असला तपशील मुद्दाम घातला नसता, पण काकांना नेमका तोच खोटा वाटला.

"निरू, सिनेमाला गेली नसशील तर तसं सांग," ते म्हणाले. "कुठे होतीस एवढं कळलं म्हणजे झालं. मी रागावणार नाही."

ते फार मऊ आवाजात बोलले. रागावले असते तर निरुपमाला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मंदाकिनीला बोलावणं गेलं. तिनेही अक्षरशः तेच सांगितलं, आणि त्यानेच घात झाला. जिजाबाई काकू म्हणाल्या, मैत्रिणी मैत्रिणींना पढवतातच. काकांनी ठरवलं, येत्या गुरुवारी अमरेलीला दादांना कळवायचं. तोवर कॉलेज आणि घर, मधे कुठे थांबायचं नाही.

सोमवारी प्रयोगशाळेत परीक्षानळी हातात धरून निरुपमा नुसतीच उभी राहिली. द्रावण निळं झालं होतं की हिरवं, हे तिला ठामपणे सांगता येईना. तीन समंजस माणसांनी, तीन वेगळ्या दिवशी, एकच शेवट पाहिला होता. आपण अंधारात दुसरंच काही पाहिलं असेल का? दिवा तिला अजून दिसत होता. कडेवरचं मूल दिसत होतं. पण दिसतं म्हणून ते खरं, हे आता कोणत्या तोंडाने म्हणायचं?

शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी केलेलं वजन जुळत नव्हतं आणि ते एकमेकांवर खेकसत होते. प्राध्यापक आले आणि त्यांनी एवढंच विचारलं, की दोघांनी एकच तराजू वापरला आहे ना. वापरला नव्हता. निरुपमाने परीक्षानळी खाली ठेवली. काका, वसंत, लक्ष्मीकांत यांच्यापैकी कुणीही बुधवारचा खेळ पाहिलेला नव्हता. त्यांना पाहताही आला नसता. बुधवारी पुरुषांना आत सोडतच नसत.

घरी येऊन तिने काकांना विनंती केली. बुधवारी काकूंनी जावं. ती स्वतः घरी थांबेल, मंदाकिनीही जाणार नाही, म्हणजे कुणी पढवलं असं म्हणायला जागा राहणार नाही. काकूंनी जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. बायकांनी काळोखात खुर्च्यांवर बसायचं, या कल्पनेचाच त्यांना तिटकारा होता. त्या नाही म्हणाल्या, पुन्हा नाही म्हणाल्या, आणि काका जेव्हा म्हणाले की मग गुरुवारी लिहून टाकतो, तेव्हा शेजारच्या गंगाबाईंना घेऊन टांग्यात बसल्या.

परतल्या त्या रडून लाल झालेल्या डोळ्यांनी. शालू न बदलताच त्या झोपाळ्यावर येऊन बसल्या, काकांसमोर. असं त्या कधी करत नसत.

"शेवटी काय झालं?" काकांनी विचारलं.

"आली हो परत. दिवा लावला. त्या मेल्याने पाया पडायचं तेवढं ठेवलं होतं."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर काय? उजेड झाला. टांग्याला ही गर्दी."

"अगं, ते मधलं. त्यानंतर ती जाते. तुझा मधे डोळा लागला असेल."

"मी झोपले होते म्हणता?" काकूंनी विचारलं.

वसंताने आईकडे पाहिलं, निरुपमाकडे पाहिलं, आणि तो पहिल्यांदाच गोंधळला. काकांनी टोपी घातली आणि वसंताला घेऊन थेट थिएटर गाठलं.

मॅनेजरला आधी तक्रारच कळेना. कळल्यावर तो उलट खूश झाला, कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणून. बुधवारी शेवटची दोन रिळं तो अदलाबदल करून लावत होता. पहिल्या बुधवारी खरा शेवट दाखवला, तर बायका हुंदके देत बाहेर पडल्या आणि एका म्हातारीने दारातच त्याची खरडपट्टी काढली. "साहेब, दिवाबत्तीना टाइमे बैराओ रडती घेर जाय, ए सारुं नहीं," तो काकांना म्हणाला. दिवेलागणीला, लक्ष्मी घरात यायच्या वेळी, घरचीच लक्ष्मी रडत उंबऱ्यात? हे बरं नव्हे. नाटक कंपन्यासुद्धा शेवट गोड करतात. म्हणून जाण्याचं रीळ आधी आणि येण्याचं नंतर. तेव्हापासून आजवर एकाही बाईने हरकत घेतली नव्हती.

काकांनी हे सगळं घरी येऊन उभ्या उभ्याच सांगितलं. मग निरुपमाला म्हणाले, "दादांना काही लिहीत नाही. तू खरं सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही."

निरुपमाने मान हलवली. छातीवरचा धोंडा उतरला होता, पण डोकं काही ताळ्यावर येईना. मनातल्या मनात तिने ती दोन रिळं जागेवर लावून पाहिली. मूल आता नीट मोठं झालं. पण तो दिवा, जो पाहून सगळं थिएटर सुस्कारलं होतं, तो मधेच कुठेतरी लागून विझून गेला. तिने पाहिलं ते खरंच होतं, आणि तसं झालं मात्र नव्हतं.

"म्हणजे ती आली की गेली?" काकूंनी विचारलं.

"आधी आली, काकू. मग गेली."

"कुठे?"

निरुपमाला ते माहीत नव्हतं. तिने वसंताकडे पाहिलं.

"रस्त्याने," वसंत म्हणाला.

"रस्त्याने कुठे? माहेरी? एवढं पोर घेऊन?"

वसंताने वडिलांकडे पाहिलं. काका म्हणाले, की चित्र तिथेच संपतं.

"वा. शनिवारपासून भांडताय आणि ती कुठे गेली हे एकालाही ठाऊक नाही." काकू उठल्या आणि पदर खोचू लागल्या. "रविवारी मला तुमच्या त्या दुसऱ्या खेळाला न्या. आणि निरूला माझ्या शेजारी बसवा. काय झालं ते मी तिला विचारीन. तुम्हाला नाही."